भय आणि प्रीती
(दुष्काळनिवारण कमिटीतर्फे नाचणगाव येथे व्यापारी, जमीनमालक व देणगीदार मंडळींसमोर केलेले भाषण)



दुष्काळात भुकेला मनुष्य भितो, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या कोठारात धान्य आहे तोही भितो, हे मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. पुढील वर्ष कसे जाईल, उधारी वसूल होईल की नाही, आज एकास दिले तर उद्या शंभर दारी उभे राहतील, या विचाराने भल्या मनुष्याचाही हात आखडतो. त्यास कृपण म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. वर्गणीची वही घेऊन आपल्या दारी येताना आम्हांसही भय वाटतेच. यास्तव ज्यांनी हे भय जिंकिले, त्या पंडिता रमाबाईंची हकीकत आज आपणांपुढे ठेवितो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत. जवळचे द्रव्य सरले, दुष्काळ पडला, आणि १८७४ साली थोड्याच अवधीत वडील व आई दोघेही निवर्तली. मरणोन्मुख आईसाठी भाकरीचा तुकडा मागावयास गेलो असता तोंडातून शब्द फुटेना, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेविले आहे. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १८८९ साली मुंबईत शारदासदन काढिले. ते पुढील वर्षी पुण्यास गेले.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला वर्धा जिल्हा त्या काळी याच प्रांतात मोडत असे. तिकडील वर्तमान ऐकून रमाबाई तत्काळ धावल्या असे झाले नाही. आपण एकटी अबला, गाठीस पैसा नाही, हजारो मरत असता आपल्याने काय होणार, असे मनात आल्याचे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले आहे. परंतु आपले उपासाचे दिवस त्यांस आठवले. ज्या देवाने आपणांस त्यांतून तारिले, त्याचीच ही लेकरे आहेत, हा विचार त्यांस स्वस्थ बसू देईना. त्या निघाल्या, आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांस घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या जणींस शहरात ठेवण्याची सोय राहिली नाही. तेव्हा केडगावच्या जमिनीवर त्यांची व्यवस्था करण्यात आली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांस शेती, विणकाम, छपाई अशी कामेही शिकविण्यात आली.

त्यांच्या धर्मांतरावरून व कार्यावरून वाद झाले. १८९३ साली शारदासदनाच्या हिंदू सल्लागार मंडळींनी संबंध सोडिला. त्या वादाचा निवाडा करण्यास आम्ही येथे आलो नाही. परंतु ज्या श्रद्धेने त्यांस बळ दिले, ती समजून घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. योहानाच्या पहिल्या पत्राची शिकवण अशी आहे की, प्रीती पूर्णत्वास पोचली म्हणजे भयास जागा उरत नाही. याचा अर्थ आम्ही असा करितो : भिणारा मनुष्य आपल्या नुकसानीकडे पाहत असतो; प्रीती करणारा समोरच्या माणसाकडे पाहतो. देवाने आपणांवर आधी प्रीती केली, असा ज्याचा भरवसा आहे, त्यास आपले कोठार हाच एक आधार वाटत नाही. म्हणून त्याचा हात मोकळा होतो.

नाचणगावकर मंडळींत निरनिराळ्या पंथांचे लोक आहेत. ज्याने त्याने आपल्या देवास स्मरावे. आम्ही सर्वस्व मागत नाही. आपल्या घरचे बियाणे व पोराबाळांचा घास प्रथम बाजूस काढावा. मग उरलेल्या राशीपाशी उभे राहून स्वतःस विचारावे की, यांतील किती गरजेपोटी ठेविले आहे व किती भयापोटी. गरजेचे आपले आपणांपाशी असू द्यावे. भयापोटी ठेविलेल्यातून जे देववेल ते द्यावे. धान्य असो, कडबा असो, रोकड असो. प्रत्येक जिनसेची पावती आम्ही देऊ, आणि ती कोणाच्या मुखी गेली याचा हिशेब याच सभेपुढे मांडू.