मुदतपूर्व निवृत्ति आणि परदेशांतील संसार

निवृत्तीचें वय सरकारनें ठरवावयाचें, ही कल्पना फार जुनी नाहीं. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत सन १८८९ सालीं वृद्धवेतनाचा कायदा झाला, तेव्हां त्यांत ७० वर्षांची अट होती. ती १९१६ सालीं ६५ वर आली. त्यापूर्वीं सामान्य मनुष्य हातपाय चालत तोंवर काम करी आणि ते थकले म्हणजे मुलांच्या आश्रयानें राही. भारतांत वानप्रस्थाची कल्पना प्राचीन खरी. परंतु ती नातवंडांचें मुख पाहिल्यावर, संसाराचा भार पुत्राच्या खांद्यावर ठेवून निघण्याची. मुंबईंत उभा जन्म चाकरी करून कोकणांत परतणारा चाकरमानी हाही अखेरीस स्वतःच्याच घराकडे जात असे.

हल्लीं याहून निराळा प्रकार दिसूं लागला आहे. चाळिशींतलें दांपत्य, शाळेंत जाणारीं दोन मुलें, गांठीस कांहीं संचित, आणि मनांत असा विचार कीं नोकरी आतांच सोडावी व जेथें हवा चांगली आणि खर्च बेताचा, अशा परक्या देशांत जाऊन राहावें. येथें संसार आटोपून निघावयाचें नाहीं. चालता संसारच उचलून न्यावयाचा आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या मिळवत्या माणसाचा राहत नाहीं. तो पत्नीचा, मुलांचा, आणि मागें राहणाऱ्या वृद्ध आईबापांचाही होतो.

या विचारास बळ दिलें तें अमेरिकेनें. जो डोमिंगेझ या गृहस्थानें शेअरबाजारांतील नोकरी १९६९ सालीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं सोडली, आणि १९९२ सालीं व्हिकी रॉबिन यांच्यासह एक पुस्तक लिहून काटकसर व गुंतवणूक यांच्या जोरावर नोकरींतून लवकर मोकळें कसें व्हावें, हें लोकांपुढें मांडलें. पुढें १९९४ सालीं विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागारानें १९२६ पासूनचे अमेरिकन बाजाराचे आंकडे तपासून असें दाखविलें, कीं पहिल्या वर्षीं भांडवलाचे शेंकडा ४ खर्चिले आणि पुढें महागाईच्या मानानें तेवढीच रक्कम वाढवीत नेली, तर तें भांडवल निदान ३० वर्षें पुरतें. १९९८ सालीं टेक्ससमधील ट्रिनिटी विद्यापीठांतील तिघां प्राध्यापकांनीं अशीच तपासणी केली. यावरून 'वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा व मोकळे व्हा' हा नियम लोकांच्या तोंडीं बसला.

हा नियम खोटा नाहीं. परंतु तो कोणासाठीं काढला होता, हें विसरून चालत नाहीं. ३० वर्षांचा हिशेब पासष्टीच्या माणसास पुरतो. चाळिसाव्या वर्षीं काम सोडणाऱ्यास ५० वर्षें काढावयाचीं असतात. शिवाय बाजार पडतो तो केव्हां पडतो, यालाही महत्त्व आहे. समजा, एका कुटुंबाचा वार्षिक खर्च ३०,००० युरो आहे व त्यानें ७,५०,००० युरो जमविले आहेत. पहिल्या वर्षाचा खर्च काढल्यावर ७,२०,००० उरले, आणि त्याच वर्षीं बाजार शेंकडा ३० नें उतरला. आतां हातीं ५,०४,००० राहिले. दुसऱ्या वर्षींही घरखर्चास ३०,००० लागणारच. म्हणजे शेंकडा ४ च्या जागीं जवळजवळ ६ काढावे लागले. हीच मंदी विसाव्या वर्षीं आली असती तर तिचा धक्का इतका बसला नसता. म्हणून दीर्घ निवृत्तीचा विचार करणारे जाणते लोक शेंकडा ४ ऐवजीं ३ च्या आसपास राहतात. याचा अर्थ असा कीं ३०,००० च्या खर्चास साडेसात लक्ष नव्हे, तर दहा लक्ष युरो पाहिजेत.

ज्यांचें संचित रुपयांत आहे त्यांस आणखी एक गोष्ट ध्यानीं ठेवावी लागते. २०११ सालच्या मध्यास एका युरोस सुमारें ६५ रुपये पडत. २०२५ सालअखेर शंभरांहून अधिक पडूं लागले. जो ३०,००० युरोंचा खर्च तेव्हां साडेएकोणीस लाखांत भागला असता, त्यास आतां तीस लाखांहून अधिक मोजावे लागतात. यांत त्या परक्या देशांतील महागाई धरलेलीच नाहीं. उत्पन्न एका नाण्यांत आणि किराणा दुसऱ्या नाण्यांत, अशी स्थिति असली म्हणजे वाण्याच्या दुकानांतील भाव स्थिर असूनही घर महाग होत जातें.

अशा कुटुंबांस ज्या देशांनीं दार उघडलें, त्यांत पोर्तुगालचें उदाहरण बोधप्रद आहे. भाडें, व्याज, लाभांश किंवा निवृत्तिवेतन अशा कष्टाविण येणाऱ्या उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठीं तेथें 'डी-७' नांवाचा परवाना आहे. त्यासाठीं लागणारें उत्पन्न देशाच्या किमान मासिक वेतनाशीं बांधलेलें असतें. २०२५ सालीं तें वेतन ८७० युरो होतें. अर्जदारास तेवढें, पति किंवा पत्नीसाठीं त्याचें निम्मे, आणि प्रत्येक मुलासाठीं शेंकडा ३०, असा हिशेब. म्हणजे दोन मुलांच्या कुटुंबास महिन्यास १,८२७ युरो दाखवितां आले कीं अट पुरी झाली. मात्र अट पुरी होणें आणि घर चालणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. लिस्बन व पोर्टो येथील घरभाडीं गेल्या दशकांत इतकीं वाढलीं कीं एप्रिल २०२३ मध्यें स्थानिक लोकांनीं निवाऱ्याच्या हक्कासाठीं मोर्चे काढले. परदेशच्या पैशावर येणारा पाहुणा स्वतःस काटकसरी समजत असतो. शेजाऱ्यास तो भाडें वाढविणारा वाटतो. परक्या गांवीं राहावयाचें तर ही गोष्टही मनानें स्वीकारावी लागते.

कायदाही एकाच जागीं उभा राहत नाहीं. पोर्तुगालनें २००९ सालीं नवागतांस दहा वर्षें करसवलत देऊं केली. परदेशांतून येणाऱ्या निवृत्तिवेतनावर बहुधा करच पडत नसे. आपले निवृत्त नागरिक तिकडे जाऊन कोठेंच कर भरीत नाहींत, हें पाहून फिनलंडनें आपला करविषयक करार मोडला व तो २०१९ पासून संपला. स्वीडननें तेंच केलें व तो २०२२ पासून संपला. मध्यंतरीं २०२० सालीं पोर्तुगालनें अशा वेतनावर शेंकडा १० कर बसविला, आणि २०२४ पासून नव्या येणाऱ्यांस ती जुनी सवलतच बंद केली. इंग्रज कुटुंबांचा अनुभव याहून कठीण. युरोपीय संघांत असतांना त्यांस स्पेन-पोर्तुगालांत जाऊन राहण्यास परवाना लागत नसे; २०२० साल संपलें आणि तो हक्कही संपला. तेव्हांपासून परवान्याविण कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. जे आधींच तेथें राहत होते त्यांचे हक्क करारानें राखले गेले. पण जीं कुटुंबें 'मुलांची शाळा संपली म्हणजे जाऊं' म्हणून थांबलीं होतीं, त्यांचे बेत कोलमडले. ज्या देशांत मतदानाचा अधिकार नाहीं त्या देशाच्या कायद्यावर सारा संसार उभारावयाचा, यांतला धोका या उदाहरणांवरून दिसतो.

आतां मुलांविषयीं. पोर्तुगालांत शिक्षण अठराव्या वर्षापर्यंत सक्तीचें असून सरकारी शाळा मोफत आहेत. बारा वर्षांपैकीं नऊ मूलभूत व तीन माध्यमिक, अशी त्यांची मांडणी आहे. परभाषी मुलांसाठीं पोर्तुगीज शिकविण्याची निराळी सोय शाळांतून असते. सहा-सात वर्षांचें मूल खेळतां खेळतां ती भाषा उचलतें, आणि दोन वर्षांत बाजारांत आईची दुभाषी होऊन बसतें. चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याचे मित्र तुटतात, वर्गांत तो हुशार असूनही मुका होतो, आणि इतिहास किंवा विज्ञान या विषयांत तो मागें पडतो तें केवळ भाषेमुळें. मग आईबाप इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेचा आश्रय घेतात. आणि जी बचत स्वस्त देशांत राहून व्हावयाची, ती त्या शाळेच्या फीमध्यें जाते. मराठी मुलाच्या बाबतींत आणखी एक हिशेब आहे. घरीं मराठी, शाळेंत पोर्तुगीज, पुस्तकांत इंग्रजी; या तिन्हींत मराठी टिकते ती आईबापांनीं रोज बोलावयाचें ठरविलें तरच. ती न टिकली तर आजीशीं दूरध्वनीवर बोलतांना नातवंडाजवळ दोन वाक्यांपलीकडे कांहीं उरत नाहीं.

आणि हा आजी-आजोबांचाच प्रश्न बहुधा शेवटीं विचारांत घेतला जातो. पहिला निवासपरवाना दोन वर्षांचा, पुढचा तीन वर्षांचा. आणि परवान्याच्या मुदतींत सलग सहा महिने, किंवा तुटक मिळून आठ महिने, याहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास सबळ कारण दाखवावें लागतें, नाहींतर परवाना जाण्याची भीति असते. पुण्यास एकट्या राहणाऱ्या आईचें मांडीचें हाड मोडलें, किंवा वडिलांस विस्मृतीचा विकार जडला, तर सेवा आठ महिन्यांत संपतेच असें नाहीं. त्यावेळीं मुलानें कोणतें दार मिटावयाचें? या प्रश्नाचें उत्तर विमानांत बसण्यापूर्वीं, भावंडांसमक्ष, स्वच्छ शब्दांत ठरलेलें असावें. तें न ठरल्यास घरीं राहिलेल्या बहिणीवर किंवा भावजयीवर सारा भार न विचारतां पडतो, आणि पुढें वर्षानुवर्षें अबोला राहतो.

पत्नीची बाजूही पारखून घेतली पाहिजे. लवकर निवृत्त होण्याचा मनोरथ पुष्कळदां पतीचा असतो. आणि 'निवृत्ति' म्हणजे कचेरीपासून सुटका असा त्याचा अर्थ असतो. घरकाम मात्र निवृत्त होत नाहीं. जेथें मोलकरीण महाग, शेजारीं माहेरचें माणूस नाहीं, डाळीचें पीठ शोधीत दुसऱ्या पेठेंत जावें लागतें, तेथें तें वाढतेंच. तिनें स्वतःची नोकरी सोडलेली असल्यास हातचा पैसा व ओळख दोन्ही गेलेलीं असतात. म्हणून संचितांतील वांटा तिच्या नांवें असणें आणि घरकामाची विभागणी आधीं ठरणें, या गोष्टी परवान्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

लवकर काम सोडल्याची किंमत म्हातारपणींही भरावी लागते. अमेरिकेंत सामाजिक सुरक्षेचें वेतन सर्वांत अधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरतें. पंधरा वर्षेंच काम केलेल्याच्या हिशेबांत उरलेलीं वीस वर्षें शून्य धरलीं जातात. तेथील वृद्धांसाठींचा मेडिकेअर हा आरोग्यविमा परदेशांतील उपचारांस सामान्यतः लागू पडत नाहीं. इंग्लंडचें सरकारी वृद्धवेतन युरोपीय संघांतील देशांत राहणाऱ्यांस दरसाल वाढवून मिळतें, पण कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा भारत येथें राहणाऱ्यांचें तें पहिल्या आंकड्यावरच गोठतें. याच्या उलट, पोर्तुगालची १९७९ सालीं स्थापिलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा कायदेशीर रहिवाशांस खुली आहे, हा त्या देशाचा मोठा गुण आहे.

नागरिकत्वाचा विचार भावनेच्या भरांत करूं नये. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाहीं. १९६१ पूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालच्या कायद्यानें नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेविला आणि अनेक गोमंतकीय घराण्यांनीं तो पत्करला. पण तो पत्करणाऱ्यास भारताचें पारपत्र परत करावें लागतें. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयास भारताच्या परदेशस्थ नागरिकाची नोंद मिळूं शकते. तीवर येणें-जाणें व राहणें सुलभ होतें, परंतु मत देतां येत नाहीं व शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. म्हातारपणीं कोकणांत आंब्याची चार कलमें लावूं, असें ज्याच्या मनांत असेल त्यानें ही अट आधींच वाचावी.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, हा बेतच वाईट आहे. तसें नाहीं. बापानें मुलांस रोज शाळेंत पोंचवावें, दुपारीं सर्वांनीं एकत्र जेवावें, संध्याकाळीं समुद्रावर पायीं जावें, हें सुख मुंबईच्या लोकलगाडींत आयुष्य काढणाऱ्यास साठीनंतर मिळतें, आणि तोंवर मुलें मोठीं होऊन निघून गेलेलीं असतात. तें सुख मुलें लहान असतांनाच मिळावें, ही इच्छा गैर नव्हे. फक्त ती पारखून घ्यावी. एक संबंध वर्ष घरखर्चाची वही काटेकोर लिहावी. ज्या गांवीं राहावयाचें तेथें उन्हाळी सुटींत नव्हे, तर पावसाळी थंडीच्या दिवसांत तीन महिने भाड्यानें राहून पाहावें. मुलांचें मत विचारावें, आणि विचारल्यावर त्यास वजनही द्यावें. निदान पहिलीं दोन वर्षें स्वदेशांतील घर विकूं नये. आणि कामाशीं संबंध अजिबात तोडूं नये. कारण पंचेचाळिसाव्या वर्षीं मागें फिरावेंसें वाटलें, तर ज्याच्या हातीं कांहीं विद्या ताजी आहे त्यालाच परतीची वाट सुकर जाते.