भाड्याने दिलेलं घर आणि विम्याचा भरवसा

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. विम्यातला तज्ज्ञ नाही. ठेच लागली म्हणून जे शिकलो, तेवढंच सांगतो.

कोंढव्यात आमचं छोटं दुमजली घर आहे. वर आम्ही, खाली भाडेकरू. दोन वर्षांपूर्वी गॅलरीखालचं प्लॅस्टर सुटलं आणि भाडेकरूंच्या मुलाच्या खांद्यावर पडलं. हाड मोडलं. मी निर्धास्त होतो, घराचा विमा होता ना! कंपनीने दावा नाकारला. संतापून पॉलिसी पहिल्यांदाच पूर्ण वाचली, तर कंपनीचंच बरोबर निघालं. आग, भूकंप, पूर यांत आपल्या घराचं नुकसान झालं तर भरपाई होती. आपल्या घरामुळे दुसऱ्याला इजा झाली तर लागतो तो लायबिलिटीचा भाग आम्ही घेतलाच नव्हता. ‘सगळं कव्हर आहे’ असं एजंट म्हणाला होता, पण तोंडी. दवाखान्याचं बिल अब्बांनी पेन्शनच्या शिलकीतून भरलं.

मग नवी कंपनी शोधताना मी तीन कंपन्यांना एकच ईमेल पाठवला. घर लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं असताना लायबिलिटी लागू होते का? भाडेकरू आणि त्याचे घरचे ‘तिऱ्हाईत’ धरले जातात का? एका घटनेची मर्यादा किती, आणि वकिलाचा खर्च त्यातच की वेगळा? एका कंपनीचं उत्तरच आलं नाही. दुसरीकडून फोन आला, ‘सर, टेन्शन घेऊ नका.’ तिसरीने कलमांचे क्रमांक देऊन लेखी कळवलं. तिचा हप्ता थोडा जास्त होता, तरी तिचीच पॉलिसी घेतली. (एका एजंटने १९९१चा पब्लिक लायबिलिटी कायदा ऐकवला. तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, भोपाळनंतर आलेला. आपल्या गॅलरीशी त्याचा संबंध नाही.)

आकड्यांबद्दल सावध राहा. ‘क्लेम रेशो’ म्हणजे बऱ्याचदा जमा हप्त्यांच्या तुलनेत दाव्यांचा खर्च. तुमचा दावा मंजूर होण्याची शक्यता त्यातून कळत नाही. शिवाय त्यात गाडी आणि आरोग्य विम्याचाच भार मोठा असतो. त्यापेक्षा कंपन्या दर तिमाहीला वेबसाइटवर जी माहिती जाहीर करतात, त्यातला तक्रारींचा तक्ता बघा.

आणि भांडण झालंच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. अर्ज मात्र वर्षाच्या आत करावा लागतो.

नव्या पॉलिसीची प्रत मी खाली भाडेकरूंनाही दिली. अब्बा म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण गॅलरी?’ मालकाने घराची वाजवी काळजी घ्यायची, अशी अट पॉलिसीत आहेच. पुढच्या रविवारी गवंडी येतोय.