वादळाआधीची प्रार्थना



मृग तोंडावर आला आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात पावसाच्या आधी वादळ येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसभर पारा ४५ अंशांच्या घरात असतो. तापलेली हवा वर चढते, तिला समुद्रावरून आलेलं बाष्प मिळतं आणि दुपार कलताना दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. मग आधी धुळीचा लोट, त्यामागून वारा, विजा, कधी गारा. आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या संत्रा बागायतदाराचं अख्खं वर्ष अशा पाव तासात जमिनीवर सांडतं.

अशा वेळी कुणाच्याही तोंडी देवाचं नाव येतं, आणि ते यावंच. पण मला आज बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. ऐन वादळात उपयोगी पडणारी श्रद्धा त्या घटकेला जमवता येत नाही. आभाळ मोकळं असताना ती रोज थोडी थोडी कमवावी लागते. याचा धडा आपल्या जिल्ह्याइतका जवळून क्वचितच कुठे मिळाला असेल.

१९३६ च्या जून महिन्यात गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. पावसाळा लागलेला, धड रस्ता नाही, काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटतो म्हणजे काय हे आपण जाणतोच. सहासष्ट वर्षांचे गांधीजी भर पावसात चालत आले. गावात मलेरिया होता, त्या वर्षी त्यांनाही तो झाला. आदि निवास ही आश्रमातली पहिली वास्तू. माती, लाकूड, कवेलू, जे जवळपास मिळेल त्यातून बांधलेली. त्या एका छपराखाली गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे दाटीवाटीने राहिले. सरहद्दीकडचे खान अब्दुल गफार खान तिथे राहिले. आपले तुकडोजी महाराजही त्याच वर्षी तिथे येऊन राहून गेले.

त्या धावपळीतही पहाटेची आणि संध्याकाळची प्रार्थना चुकली नाही. आजही ती होते. तुम्ही सेवाग्रामला गेलात तर प्रार्थनाभूमीवर थोडा वेळ उभे राहा. तिथे भिंत नाही, छप्पर नाही, मूर्ती नाही. वर आभाळ आहे, खाली बारीक खडी आहे आणि शेजारी गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे. प्रार्थनेला बसणारा माणूस तिथे उघड्यावर बसतो. वारा त्याला लागतो, ढगांचा गडगडाट त्याला ऐकू येतो.

संध्याकाळच्या त्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले शेवटचे १९ श्लोक आहेत, स्थितप्रज्ञाच्या लक्षणांचे. त्यात एके ठिकाणी पाण्यावरच्या नावेला भरकटवणारा वारा येतो. इंद्रियांच्या मागे धावणारं मन बुद्धीला असंच ओढून नेतं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे प्रार्थनेला बसणाऱ्यांनी शांत संध्याकाळीसुद्धा वाऱ्याची आठवण ठेवली. बाहेरचा वारा वर्षातून चार-दोनदा सुटतो, आतला रोज सुटतो. आतला वारा ओळखण्याचा सराव ज्याला असेल, त्याचं डोकं बाहेरच्या वादळातही ठिकाणावर राहतं.

विनोबांनी याच श्लोकांवर १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात व्याख्यानं दिली. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. तुरुंग हेही वादळच. पण विनोबांना तिथे नव्याने काही गोळा करावं लागलं नाही. बाहेर असताना जे रोज जपलं होतं, तेच त्यांनी सोबतच्या कैद्यांना वाटलं. पुढे १९५१ साली ते पवनारहून पायी निघाले आणि भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर चालले. ऊन आलं, झड लागली, तरी चालणं सुरू राहिलं.

ही मोठी माणसं झाली. मी पाहिलेलं एक साधं उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, रोज सांजेला गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्या. वैशाखात एकदा पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि टिनाचे पत्रे थडथडू लागले. काकूंनी आधी चुलीतला विस्तव पाणी टाकून विझवला, कारण वाऱ्याने ठिणगी उडाली तर घरांची अख्खी ओळ पेटते. मग गोठ्यात जाऊन ढोरांची दावी सोडली. ओल्या दाव्याची गाठ चटकन सुटत नाही, पण त्यांची बोटं घाईत नव्हती. मग शेजारच्या कुडाच्या घरातली बाळंतीण आणि तिचं लेकरू त्यांनी आपल्या पक्क्या खोलीत आणलं. दार लावलं, आणि सगळ्यांना घेऊन प्रार्थना सुरू केली.

हा क्रम लक्षात घ्या. विस्तव, मुकी जनावरं, शेजारीण आणि मग प्रार्थना. माझ्या मते काकूंची प्रार्थना दावी सोडतानाच सुरू झाली होती. रोजच्या सांजेने त्यांच्या बोटांना ते धैर्य दिलं होतं.

म्हणून कळकळीने सांगतो, देव तारील म्हणून विजा कडाडत असताना झाडाखाली उभं राहणं ही श्रद्धा नव्हे. वावरात असाल तर गडगडाट ऐकू येताच काम सोडा आणि पक्क्या घराकडे निघा. एकट्या झाडापासून, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून दूर राहा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप विजेचा इशारा आधी देतं, ते घरातल्या पोरांकडून सुरू करून घ्या. दिलेल्या जिवाची काळजी घेणं हीसुद्धा भक्तीच आहे.

मग या आठवड्यात काय करायचं? पत्र्यांचे नटबोल्ट कसून घ्या, घरावर झुकलेली फांदी छाटा. त्याचबरोबर सांजेची दहा मिनिटं ठरवा. गीताई म्हणा, नमाज पढा, बुद्धवंदना घ्या, येशूची प्रार्थना करा, जे तुमचं असेल ते सगळं घर मिळून करा. आणि तुमच्या घरावर पक्कं छत असेल, तर ज्याचं छप्पर कच्चं आहे त्या शेजाऱ्याला आजच सांगून ठेवा, “भाऊ, वारा सुटला की विचारत बसू नका, लेकरं घेऊन सरळ आमच्याकडे या.”