राष्ट्राची संपत्ती आणि शेवटच्या घराचे आरोग्य



राष्ट्र श्रीमंत झाले की प्रजेचे आरोग्य आपोआप सुधारते, अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. लोकसंख्येचे अभ्यासक सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली अनेक देशांचे उत्पन्न आणि आयुर्मान ताडून पाहिले. गरीब देशांत उत्पन्नात थोडी भर पडली तरी आयुर्मान झपाट्याने वाढते. श्रीमंत देशांत मात्र ही वाढ मंदावते, असे त्यांना आढळले.

अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करते. तरीही २०२३ साली तेथील सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षेच होते. जपान त्याहून पुष्कळ कमी खर्चात ८४ वर्षांपर्यंत पोहोचला आहे. अमेरिकेच्या मानाने निर्धन असलेल्या श्रीलंकेनेही पंचाहत्तरी ओलांडली आहे. मोफत सरकारी रुग्णालये, गावोगावच्या प्रशिक्षित सुईणी आणि मुलींचे शिक्षण हे तिचे भांडवल.

असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या देखभालीचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोष ओळखून वेळीच इंजेक्शन देणे, एवढी कामे त्या घरोघरी जाऊन करीत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरोघरी देखभाल देशभर सुरू केली. गडचिरोली तेव्हा श्रीमंत झाली नव्हती. उपचार मात्र झोपडीपर्यंत पोहोचला होता.

याचा अर्थ पैसा नको, असा कोणी काढू नये. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ मध्ये हाच भार ६४ टक्के होता. सुधारणा झाली हे खरे. पण आजारपणापायी शेत गहाण पडते, तोवर समाधान मानता येणार नाही.

म्हणून तिजोरी किती भरली, एवढेच विचारून भागणार नाही. तिच्यातील किती रुपये गावाच्या शेवटच्या घरातील बाळंतिणीपर्यंत पोहोचले, हा हिशेब आपण प्रत्येक शासनाकडे मागितला पाहिजे.