तेराव्या मुलाचा हक्क



शालेय क्रीडास्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात. बास्केटबॉलच्या संघात 12 खेळाडू. त्यांपैकी 5 एका वेळी मैदानात. एखादे पालक हळूच विचारतात, "सर, वय वर्षभर कमी दाखवता येईल का?" मी नम्रपणे नकार देतो. कारण वय चोरून आलेला खेळाडू यादीबाहेर राहिलेल्या तेराव्या मुलाची जागा घेतो. उघडकीस आले तर साऱ्या संघाची मेहनत वाया जाते. शिवाय खोटी तारीख दहावीच्या प्रमाणपत्रापासून नोकरीपर्यंत पाठ सोडत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगला पाठबळ दिले, ते आपल्या मुलांना रास्त संधी मिळावी म्हणून. तीच संधी दुसऱ्याच्या लेकराकडून हिरावू नका. जन्माचा खरा दाखला वेळेवर द्या. जय हिंद!