तंबाखूच्या पानातली लस

तंबाखू म्हटलं की निपाणीच्या वखारी आठवतात, विडी आठवते आणि तिच्यापायी पोखरली गेलेली घरंही. पण याच कुळातलं एक रोप औषधं घडवतं. निकोटियाना बेंथामियाना हे त्याचं नाव, मूळचं ऑस्ट्रेलियाचं. अनेक विषाणूंपुढे ते चटकन हार मानतं, आणि हाच दुबळेपणा शास्त्रज्ञांच्या कामी आला.

औषध म्हणून हव्या असलेल्या प्रथिनाचं जनुक मातीतल्या एका जिवाणूत घालतात. रोपं उलटी धरून पानं त्या जिवाणूंच्या द्रावात बुडवतात आणि पानांतली हवा खेचून घेतात. हवा परत सोडली, की तिच्या जागी द्राव पानात शिरतो. काही दिवसांतच पान ते प्रथिन तयार करू लागतं. मग पानं वाटायची, प्रथिन वेगळं काढून शुद्ध करायचं. २०१४ साली इबोलाच्या साथीत मोजक्या रुग्णांना दिलेलं झेडमॅप हे औषध अमेरिकेतल्या केंटकीत असंच बनलं होतं.

पुढची गोष्ट चुटपुट लावणारी आहे. कॅनडाच्या मेडिकागो कंपनीनं कोविडवरची कोविफेन्झ ही लस याच रोपात तयार केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडानं तिला मान्यता दिली. पण कंपनीत फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा हिस्सा होता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ती लस स्वीकारली नाही. हा नकार मला योग्यच वाटतो. हळहळ वाटते ती त्या तंत्राची. २०२३ मध्ये मालक मित्सुबिशी केमिकलनं मेडिकागो बंद करायचं ठरवलं.