झाड कोणाच्या मालकीचे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सभेत १९३ देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे मान्य केली. आता दरवर्षी देशांचा निकाल लागतो. फिनलंड, स्वीडन पुढच्या बाकावर. आफ्रिकेतला नायजर पार मागे. आज आम्ही त्या मागच्या बाकावरच्या पोराची गोष्ट सांगणार आहोत. कारण नायजरचा शेतकरी आपलाच भाऊबंद आहे. तोही कोरडवाहू, ज्वारी-बाजरी पिकवणारा.

फ्रेंचांच्या राज्यापासून तिथे नियम होता : शेतातले झाड सरकारचे. तोडले तर दंड. मग शेतकऱ्याने काय केले? झाड वाढूच दिले नाही. शेते उघडी पडली. १९७० आणि १९८० च्या दशकांत दुष्काळ आले. वाऱ्याबरोबर वाळू उडायची, कोवळे पीक गाडले जायचे, पुन्हा पेरावे लागायचे. सरकारने, परदेशी संस्थांनी रोपे लावली, बहुतेक मेली.

१९८३ च्या सुमारास मारादी भागात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या ध्यानात आले, की शेतातली झुडपे ही झुडपे नाहीतच. तोडलेल्या झाडांचे खुंट जमिनीत जिवंत आहेत, त्यांचे ते धुमारे आहेत. चार जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे. रोप नको, खड्डा नको. हवा तो एवढाच भरवसा, की वाढवलेले झाड आपले राहील. दंडाचा जाच ढिला पडला, पुढे कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने सरकला, आणि वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतीत झाडे उभी राहिली. त्यात बाभळीच्या जातकुळीतला 'गाओ' आहे. तो पावसाळ्यात पाने झाडतो, पिकावर सावली धरत नाही. त्याच्या शेंगा गुरे खातात.

शेजारच्या नायजेरियाकडे तेलाचा पैसा आहे, पाऊसही जास्त. तरी उपग्रहाच्या चित्रांत सीमेवर नायजरच्या बाजूला झाडी दाट दिसली.

आता श्रीलंका पाहा. निकालपत्रात नायजरच्या कितीतरी वर. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. शेतकऱ्याला विचारले नाही, सवड दिली नाही. भाताचे पीक बसले आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. हेतू हिरवाच होता, पण रस्ता हुकमाचा होता.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात १९६४ चा कायदा आहे. आपल्याच बांधावरचा साग तोडायचा तर आधी परवानगी. आम्ही कृषीची पदवी घेऊन गावोगाव वृक्षारोपणावर व्याख्याने दिली. एकदा एका शेतकऱ्याने विचारले, "लावतो ना साहेब. पण पोरीच्या लग्नाला तोडू द्याल काय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही व्याख्याने थांबवली आणि संघटनेत आलो.

म्हणून सांगतो, यंदा पऱ्हाटी उपटून झाली की बांधावर फिरा. कोणते खुंट फुटताहेत ते पाहा, प्रत्येकाने दोन तरी राखा. आणि गावसभेत एकच ठराव करा : शेतकऱ्याने वाढवलेले झाड शेतकऱ्याचे, राखायचे की तोडायचे हे तोच ठरवील. तो ठराव घेऊन पुढच्या मेळाव्याला या.